माहुलच्या चिखलातला काळ्या पोटाचा पक्षी

रविवार, १२ जानेवारी १९८६. घाटकोपर पूर्व, माझं घर. सकाळी सव्वाअकरा.
हजर : मास्तर (मुलुंड), बँकवाले (अंधेरी), टेंपोवाले (वाकोला), मी. गैरहजर : कोणी नाही.

वहीत त्या दिवसाचं पान असं सुरू होतं. वहीत नावं आहेत, इथे मी कामधंदे लिहिले आहेत. त्या पानावर पुढे मी एक ओळ लिहिली, आणि तिच्याबद्दलच हे सगळं सांगायचं आहे.

आमचा पक्षी बघणाऱ्यांचा गट तीन माणसांचा. त्या हिवाळ्यात चौथा माणूस उमेदवारीवर आला होता. मुलुंडपासून माहुलपर्यंत ठाण्याच्या खाडीच्या काठाला आणि मागच्या डोंगरउतारावर हिवाळ्यात कोणते पक्षी येतात, याची आम्ही यादी ठेवायचो. दर रविवारी पहाटे प्रत्येकाने आपापल्या जागी जायचं आणि अकराच्या सुमारास माझ्या घरी जमायचं. मी पोहे करून ठेवलेले असायचे. खाऊन झालं की प्रत्येकाने आपली चिठ्ठी वाचायची. ओळखीचे पक्षी नुसते मोजून सांगायचे. अनोळखी पक्षी असेल तर मात्र मास्तरांचा नियम होता : नाव शेवटी. आधी आकार सांगायचा, मग चोच, पाठ, पोट, पाय, उडताना काय दिसलं ते. बाकीच्यांनी ऐकायचं, पुस्तक मिटलेलं ठेवायचं, आणि आपापल्या मनाशी ओळखायचं. सगळ्यांचं झालं की बघणाऱ्याने आपला अंदाज सांगायचा. मास्तर म्हणायचे की एकदा नाव कानावर पडलं की पुढचं कोणी ऐकत नाही, जो तो मनातल्या पक्ष्याशी जुळवत बसतो. दुसरा नियम माझा. नवा पक्षी दोन माणसांनी पाहिल्याशिवाय पक्क्या यादीत जाणार नाही. तोवर तो माझ्या वहीत, शेऱ्यासकट.

मी वॉर्ड ऑफिसात जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर काम करते. पोराला शाळेत घालायचं म्हणून जन्मतारीख सहा महिने मागे सरकवून मागणारे बाप माझ्यासमोर रोज उभे असतात. कोणी सुईणीची चिठ्ठी आणतं, कोणी देवळातल्या पुजाऱ्याची. कागद खरा वाटला तरी आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं, ही सवय वीस वर्षांत लागली. ऑफिसात ती उपयोगाची आहे.

मास्तर हायस्कुलात विज्ञान शिकवायचे, निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. चिखलात चरणारे ते लहान करडे पक्षी, जे मला पहिली दोन वर्षं सगळे सारखेच दिसायचे, ते मास्तरांना चालीवरून ओळखू यायचे. बँकवाले तिशीतले, हुशार, बोलायला तिखट. गटातली सर्वांत चांगली दुर्बीण त्यांची होती, मेव्हण्याने दुबईहून आणलेली. आणि टेंपोवाले. वय चाळिशीच्या पुढे, मूळचे कणकवलीकडचे. संपाआधी लालबागच्या एका गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर होते, संपानंतर त्यांच्यासाठी गिरणी उघडलीच नाही. आता दुसऱ्याच्या मालकीचा टेंपो चालवून चेंबूर-माहुलच्या बाजूला माल पोचवायचे.

ते आमच्यात आले ते असे. आदल्या ऑक्टोबरात विक्रोळीच्या खाजणाकडेला आम्ही दुर्बिणी लावून उभे होतो. एक टेंपो थांबला. माणूस उतरला, पाच मिनिटं नुसता शेजारी उभा राहिला आणि मग मला म्हणाला, "ते लाल पायांचे, काटकुळे, ते माहुलला चार दिवसांपूर्वीच आलेत. इथे उशीर झाला." शेकाट्यांबद्दल बोलत होता. मी वही काढली आणि लिहून घेतलं. पुढच्या रविवारी माहुलला जाऊन बघितलं तर शेकाटे होते.

मग मी त्यांना माझी जुनी दुर्बीण वापरायला दिली. तिचा डावा डोळा धुरकट होता. गटाचं एकुलतं एक पुस्तकही पाळीपाळीने त्यांच्याकडे जायला लागलं. ठरलं असं की मार्चअखेरपर्यंत बघायचं. नोंदी नीट असल्या तर त्यांना गटात घ्यायचं आणि माहुल त्यांच्या नावावर लावायचं. दर वर्षी आमची यादी टाइप होऊन एका निसर्गप्रेमी मंडळाच्या अंकात छापून यायची, आणि जागेपुढे बघणाऱ्याचं नाव असायचं. टेंपोवाल्यांनी हे मला दोनदा विचारलं होतं. नाव छापून येतं का, ताई? पूर्ण येतं की आडनाव नुसतं? मुलगी सातवीत आहे, तिला दाखवता येईल, म्हणाले. माझ्या डोक्यात त्याचीही नोंद झाली. नाव छापून हवं असलेला माणूस काहीही पाहू शकतो.

तर तो रविवार. टेंपोवाले आले ते जिन्यातच चपला काढून. बसले नाहीत, पोह्यांची बशीही घेतली नाही. खिशातून चिठ्ठी काढली आणि उभ्यानेच म्हणाले, "मास्तर, डनलिन दिसला. माहुलला. पोट काळंभोर."

नाव आधी आलं. नियम त्यांना दोनदा सांगितला होता. मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. बँकवाल्यांनी त्यांच्या काखेतलं पुस्तक ओढलं आणि डनलिनचं पान काढलं. साळुंकीपेक्षा जरा लहान पक्षी. आमच्या यादीत नाही. आमच्या खाडीत आमच्यापैकी कोणी पाहिलेला नाही. पानावर ठळक चित्र होतं ते उन्हाळी पिसाऱ्यातलं, पोटावर मोठा काळा डाग. पण तो डाग उत्तरेकडे अंडी घालतात तेव्हाचा. आपल्याकडे थंडीत येतात तेव्हा पोट पांढरं असतं, ते चित्र मागे, लहानसं, अर्धं झाकलेलं.

"जानेवारीत काळं पोट?" बँकवाले म्हणाले. "पुस्तकातून उडून आला वाटतं तुझ्याकडे."

वयाने दहा वर्षांनी मोठ्या माणसाला ते 'तू' म्हणायचे. मास्तर 'तुम्ही' म्हणायचे. मी हाक मारायचंच टाळायचे. त्या बोलण्यावर मी हसले. हसले हे वहीत नाही, पण आठवतं.

मास्तरांनी विचारायचं ते विचारलं. किती होते? एक. किती लांब? धक्क्यापासून पन्नास-साठ पावलांवर. उजेड? सूर्य पाठीमागे होता, साडेसात वाजले होते, ओहोटी पूर्ण लागलेली. अजून कोणी पाहिला? नाही. उडताना पाहिला? नाही, नुसता चरताना. मग टेंपोवाले चिठ्ठी वाचायला लागले. दोन ओळी झाल्या असतील. बँकवाले पुस्तकावर बोट ठेवून म्हणाले की वाचायची काय गरज, सगळं इथे छापलेलंच आहे. टेंपोवाले थांबले. चिठ्ठीची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. मी लिहिलं : डनलिन, १, माहुल, स. ७.३०, काळं पोट. शेऱ्याच्या रकान्यात एरवी मी 'ओळखीबद्दल शंका' लिहिते. त्या दिवशी लिहिलं : 'निरीक्षकाबद्दल शंका.' चिठ्ठी कपाटाच्या दाराला लावलेल्या तारेत टोचली, जिथे सगळ्यांच्या टोचते.

ते पुस्तक घेऊन गेल्यावर आम्ही तिघं आणखी अर्धा तास बसलो. मी बोटांवर मोजून दाखवलं. एकटे होते. पुस्तक गेले दोन आठवडे त्यांच्याचकडे होतं. पक्षी चित्रात आहे तसाच दिसला, पण चुकीच्या महिन्यात. नाव छापून हवं आहे. मार्च जवळ आला आहे. मास्तर चहाचा कप फिरवत राहिले. म्हणाले, "माणूस चुकू शकतो गं. खोटंच बोलला असेल असं कशावरून?" मी म्हटलं, चुकायला काहीतरी दिसावं तरी लागतं. जानेवारीत काळं पोट दिसेलच कसं? मास्तरांनी कप खाली ठेवला. कसं दिसेल हे मलाही ठाऊक नव्हतं, पण मला ते पुराव्यासारखं वाटलं.

बुधवारी मी पुस्तक परत मागवलं. मास्तरांची पाळी आहे असा निरोप ठेवला. पाळी मास्तरांची नव्हती. पुस्तक आलं, वर्तमानपत्राचं कव्हर घालून. संध्याकाळी दिव्याखाली मी ते पानापानाने बघितलं, ऑफिसात दाखले बघते तसं. डनलिनच्या पानावर, चित्राच्या शेजारी, अंगठ्याचा ठसा होता. टेंपोच्या ग्रीसचा असावा. इतर पानं साफ होती. या पानावर माणूस बराच वेळ बसला होता, एवढं नक्की. का बसला, याचं एकच कारण मला सुचलं. नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, मग काय आता अंगठ्याचे ठसे घेऊन फिरणार का? मी पुस्तक मिटलं.

पुढच्या रविवारी आम्ही तिघांनी माहुलला जाऊन स्वतः बघायचं ठरलं. भरती-ओहोटीचं वेळापत्रक माझ्याकडे असतं. पाणी दहानंतर उतरायला लागणार होतं, म्हणून साडेनऊची वेळ ठरवली. चेंबूरला बसच्या रांगेत मास्तरांनी विचारलं, "त्यांना कळवलंस ना?" मी म्हटलं, त्यांची रविवारी फेरी आहे. मी विचारलंच नव्हतं. फेरी आहे की नाही मला ठाऊक नव्हतं. या सगळ्या प्रकरणात जाणूनबुजून कोणी खोटं बोललं असेल तर ते मी, त्या रांगेत.

बस तेलाच्या टाक्यांच्या कडेने जाते. मग गाव लागतं, सुकायला टाकलेल्या मासळीचे बांबू, देऊळ, आणि धक्का. धक्क्यावर पालथ्या घातलेल्या होडीवर टेंपोवाले बसले होते. धुतलेला शर्ट, मांडीवर माझी जुनी दुर्बीण, शेजारी डबा.

आम्हाला बघून ते उठले. आधी चेहरा उजळला. मग त्यांनी आम्हाला मोजलं, तिघंही आहोत हे पाहिलं, आणि काय ते त्यांना समजलं. "या," एवढंच म्हणाले आणि होडीवर जागा करून दिली.

नंतर कळलं, ते त्या आठवड्यात रोज पहाटे, माल भरायच्या आधी, तिथे येत होते. दुसरा साक्षीदार हवा होता ना. धक्क्यावरच्या दोघा-तिघा कोळ्यांनाही त्यांनी दुर्बीण देऊन बघायला लावलं होतं, पण पाणी भरलेलं असायचं, नाहीतर पक्षी लांब असायचे. हे त्यांनी मला सांगितलं नाही. मास्तरांना सांगितलं, मी शेजारी उभी होते.

पाणी उतरायला लागलं. तिवरांच्या कडेने चिखलाची पट्टी उघडी पडली तसे लहान पक्षी येऊन उतरले, वीस-पंचवीस असतील. सुया टोचल्यासारखी त्यांची चोच खाली-वर चालू झाली. मी दुर्बीण लावली. बराच वेळ सगळी पोटं पांढरीच. बँकवाल्यांनी घसा खाकरला. मग मास्तर हळूच म्हणाले, "ते बघ. दगडाच्या डावीकडे."

चोच लांब, टोकाला खाली वाकलेली. पोट काळं. अगदी चित्रातलं पोट.

मला पहिल्यांदा वाटलं ते सांगते. आनंद नाही, ओशाळल्यासारखंही नाही. मला राग आला. जानेवारीत तो तिथे असायला नको होता.

"अजून एक आहे," बँकवाले म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "पण हा बघा, हा तर टिलवा आहे. टिलव्याला कुठे काळं पोट असतं?" खरंच, तो चिमणीएवढा टिलवा होता आणि त्याची एकच बाजू काळी होती, डावी. मग एक बगळा चालत आला. पांढराशुभ्र, आणि गुडघ्यापासून मांडीपर्यंत कोणी डांबरात बुडवून काढल्यासारखा.

आम्ही चौघं दुर्बिणी लावून उभे. मागे धक्क्यावर एक कोळीण जाळं पसरून बसली होती. तिने बहुधा बराच वेळ आमचं बोलणं ऐकलं असावं. ती म्हणाली, "काला कसला? तेल हाय ते. धा दिस झाले, जाला धुऊन धुऊन हात गेले माझे." तिने हात वर करून दाखवले. नखांच्या कडा काळ्या होत्या. मग शेजारणीला म्हणाली, "एवढ्या मोठ्या दुर्बिनी, नि तेल दिसत नाय."

शेजारीण मोठ्याने हसली. मास्तरही हसले. मी जाऊन विचारपूस केली. भरतीबरोबर एक थर आला होता, कुठून ते कोणालाच नक्की सांगता येईना. कोणी म्हणालं एखाद्या बोटीने टाकी धुतली असेल, कोणी म्हणालं आजचं आहे का हे. ओहोटीला तो थर चिखलावर बसायचा, आणि पाखरं चिखलात पोट घासतच चरतात. गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही कोणाला विचारलं नव्हतं.

तेवढ्यात एक घार खालून गेली आणि सगळा थवा उडाला. मास्तरांनी माझा दंड धरला. "कंबर बघ, कंबर." काळ्या पोटाचा तो पक्षी वळला तेव्हा शेपटीच्या वर पांढरी पट्टी लख्ख दिसली. डनलिनला तिथे मधोमध काळी रेघ असते. हा कर्ल्यू सँडपायपर होता. दर हिवाळ्यात आमच्या खाडीला शेकड्याने येणारा, आमच्या यादीत पहिल्या वर्षापासून असलेला.

"म्हणजे डनलिन नाही," टेंपोवाले म्हणाले.

"नाही," मास्तर म्हणाले. "पण तुम्ही जे पाहिलंत ते तसंच होतं."

टेंपोवाल्यांनी मान हलवली. नाव चुकलं याचं त्यांना फारसं काही वाटलेलं दिसलं नाही. उलट ते मास्तरांना विचारायला लागले की कंबर बसलेल्या पक्ष्याची दिसत नाही, मग बसलेला असताना कसं ओळखायचं. मास्तरांनी समजावलं. पाय थोडे लांब, मान उंच, चालण्यात घाई कमी. दोघं पाच-दहा मिनिटं त्यातच होते. बँकवाले एकीकडे दुर्बिणीची काच पुसत बसले. मी पिशवीतून वही काढली आणि म्हटलं, दुरुस्ती करून टाकते.

ते माझ्याकडे वळले. "कसली, ताई? पक्ष्याची की माणसाची?"

मी बोट पानात ठेवून वही मिटली.

"तुम्ही काय लिहिलंत ते मी त्याच दिवशी वाचलं. आम्ही मालाचं चलन नेहमी काउंटरच्या या बाजूनेच वाचतो, उलटं." आवाज चढला नव्हता. मग एकदम गावची बोली आली. "खोटा बोलान माका काय गावतला?"

उत्तर मला ठाऊक होतं, निदान आठवडाभर ठाऊक आहे असं वाटत होतं. नाव गावलं असतं. पण ते त्या माणसाच्या तोंडावर बोलायला जड गेलं. मी म्हटलं की शंका घेणं हे माझं काम आहे, ती सगळ्यांचीच घेतली जाते. ते म्हणाले, हो, बरोबर आहे. आणि आज येणार हे मला सांगितलं असतं तर मी तुम्हाला जागा दाखवली असती, म्हणाले, एवढी शोधावी लागली नसती. डबा उचलला. मास्तरांना नमस्कार केला. बँकवाल्यांनी "चला, चहा घेऊ सगळे" म्हणून पाहिलं, आणि त्यात पहिल्यांदाच 'तुम्ही' होतं. पण टेंपोवाल्यांना वाकोल्याला जेवायला पोचायचं होतं.

मी तिथेच होडीवर बसून लिहिलं : कर्ल्यू सँडपायपर, अंदाजे २०, पैकी १ तेलाने माखलेला. टिलवा १, बगळा १, तेल. शेऱ्यात : स्थानिकांकडे चौकशी केली. जुन्या पानावरच्या नावापुढे 'पाहा, १९ जाने.' असं लिहिलं. जुना शेरा तसाच राहिला. घरी जाऊन नीट खोडू, असं ठरवलं.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. फेब्रुवारीत एका संध्याकाळी खालच्या वॉचमनने एक पुडकं आणून दिलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली माझी दुर्बीण. डाव्या डोळ्यातला धूर गेला होता. काच कोणीतरी उघडून, आतून पुसून, परत बसवली होती. सोबत चिठ्ठी नव्हती.

मार्चअखेरच्या बैठकीत आम्ही तिघंच होतो. ठरवायचं होतं ते ठरवायची गरज उरली नव्हती. यादी पक्की करायची म्हणून मी तारेतल्या वर्षभराच्या चिठ्ठ्या काढल्या, तारखेप्रमाणे लावल्या, आणि वहीशी ताडून बघायला लागले. हे मी दर मार्चला करते. १२ जानेवारीची टेंपोवाल्यांची चिठ्ठी मालाच्या पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर होती. अक्षर गिरणी कामगारांच्या रात्रशाळेतलं, सुटं, स्पष्ट. मी ती तोवर उघडलीच नव्हती.

आकार साळुंकीहून लहान. चोच काळी, टोकाला वाकडी. पोट काळं. पाय काळे. आणि मग : 'पाठ करडी, पिसांना फिकट कडा. पुस्तकात काळ्या पोटाच्या पक्ष्याची पाठ तांबूस आहे. याची नाही. का? मास्तरांना विचारणे.'

मी ती मास्तरांपुढे सरकवली. त्यांनी वाचली, चष्मा काढला, परत घातला. चित्रावरून उतरवणारा माणूस पाठही तांबूसच लिहील. पाठ न जुळणं हीच खोटं नसल्याची खूण होती, आणि ती त्यांनी स्वतःच्या हाताने प्रश्नचिन्ह लावून मला दिली होती. त्या दिवशी दोनऐवजी चार ओळी ऐकल्या असत्या तर मास्तरांनी जागच्या जागी ओळखलं असतं की पोटाला काहीतरी लागलं आहे. मास्तर तसं म्हणालेही. अंगठ्याचा ठसा पडेपर्यंत ते त्या पानावर का बसले होते, हेही मग मला कळलं. चित्रातली पाठ बघत होते.

बँकवाले म्हणाले, "पण नाव आधी सांगायला नको होतं त्याने. त्यांनी."

खरं आहे. पण मला आता वहीवरच संशय आला होता. मी मागची पानं काढली. दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात, माहुललाच, मास्तरांनी एक ग्रे प्लोव्हर लिहून दिला होता, 'काळं पोट, बहुधा उन्हाळी पिसारा उशिरापर्यंत टिकलेला'. एकट्यानेच पाहिलेला. डिसेंबरात. शेऱ्याचा रकाना कोरा. पुस्तक तेव्हा कोणाकडे होतं, हे मी विचारलं नव्हतं. मी पान मास्तरांपुढे धरलं. त्यांनी ते वाचलं. मग माझ्याकडून पेन घेऊन त्यांनी स्वतःच्या हाताने 'पिसारा' शब्दावर रेघ मारली, वर 'तेल?' लिहिलं आणि सही केली. म्हणाले, "माझं झालं. त्यांचं तू करायचं आहेस."

'निरीक्षकाबद्दल शंका' ही ओळ मी मास्तरांसमोर खोडू शकले असते. पेन हातात होतं. पण ज्याच्याबद्दल लिहिलं आहे त्याने ती उलट्या बाजूने वाचली होती. खोडलेली सुलट बाजूने दाखवायला हवी, असं मला वाटलं, आणि मी तशीच ठेवली.

एप्रिलमध्ये मी पोस्टकार्ड टाकलं. माफीचं पोस्टकार्ड चाळीतल्या कोणीही वाचावं हे बरं दिसत नाही, म्हणून नुसतं लिहिलं : एकदा येऊन जा, वहीचं काम आहे. आता वाटतं, त्यांच्या जागी मी असते तर मीही आले नसते. वहीचं काम म्हणजे काय, हे त्यांनी पाहिलं होतं.

याला दोन वर्षं झाली. माहुल कोणाच्याच नावावर नाही. अंकात जागेपुढे आम्ही 'गट' असं छापतो. गेल्या नोव्हेंबरात बँकवाल्यांनी सांगितलं की सकाळी चेंबूरला कामाला जाताना त्यांनी टेंपो पाहिला, खाडीच्या वळणावर उभा, आणि टपावर माणूस बसलेला, डोळ्यांना काहीतरी लावून. हाक मारायला ते उतरले नाहीत. मी विचारलं, हातात वही होती का? त्यांना दिसली नाही.

वही असणार. त्या माणसाने दोन हिवाळ्यांत माहुलला काय काय पाहिलं असेल ते माझ्या यादीत नाही, याची मला खात्री आहे.

पत्ता वहीच्या पहिल्या पानावर आहे : वाकोला, पुलाच्या अलीकडे, दुधाच्या केंद्रामागची चाळ. घाटकोपरहून दोन बस. रविवारी आमची खाडी असते, शनिवारी अर्धा दिवस ऑफिस, दुपारी त्यांची फेरी असेल असं मी धरून चालते. विचारलेलं नाही. वही, त्यांची चिठ्ठी आणि पेन एका कापडी पिशवीत घालून दाराच्या खिळ्याला अडकवली आहेत. वही लागते तेव्हा काढते आणि काम झालं की परत ठेवते. वाकोल्याला अजून गेलेले नाही.